बंब सोमेश्वरी जाऊ नये म्हणून...

आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, ही म्हण आपण हसत हसत वापरतो. पण एका शहराने ती अक्षरशः भोगली आणि तिथल्याच एका तरुणाने ती खोटी पाडण्यासाठी जन्म वेचला. शहर स्कॉटलंडचे एडिंबरो. तरुणाचे नाव जेम्स ब्रेडवुड. शूरांच्या कथा आपण मुलांना खूप सांगतो. सरावाला शौर्याच्या आधी बसवणाऱ्या या माणसाची कथा मात्र क्वचितच कुणी सांगतो, म्हणून आज ती सांगतो.

ब्रेडवुडचा जन्म १८०० सालचा. वडील लाकडी सामान घडवणारे. घरच्या धंद्यामुळे तुळई कुठे टेकते, भिंत कशावर उभी असते, हे त्याला लहान वयात कळले. पुढे हेच ज्ञान त्याच्या कामी आले. ऑक्टोबर १८२४ मध्ये एडिंबरोने शहराचे अग्निशमन दल उभारले आणि त्याची सूत्रे या चोवीस वर्षांच्या पोराच्या हाती दिली.

माणसे तयार करायला त्याला सवडच मिळाली नाही. १५ नोव्हेंबरच्या रात्री हाय स्ट्रीटलगतच्या एका बोळात आग लागली. उंच, दाटीवाटीची जुनी घरे एकामागून एक पेटत गेली. ट्रॉन चर्चचा मनोरासुद्धा जळाला. पाच दिवस आग धुमसत राहिली. १३ माणसे गेली, त्यांत दोन बंबवाले होते. शेकडो कुटुंबे उघड्यावर आली.

सुरुवातीला खापर नव्या दलावरच फुटले. चौकशीत निराळेच उघड झाले. घटनास्थळी जो तो मोठा माणूस हुकूम सोडत होता. एकाने बंब इकडे वळवावा, दुसऱ्याने तिकडे. अखेर नियम झाला, की आगीच्या जागी हुकूम एकाचाच, आणि तो दलप्रमुखाचा. आपत्तीच्या प्रशिक्षणात आजही हा धडा अगदी सुरुवातीला शिकवतात.

मग ब्रेडवुड खऱ्या कामाला लागला. त्याने माणसे निवडली ती कौले शाकारणारे, गवंडी, सुतार, लोहार अशी. दिवसा आपापला धंदा करायचा आणि हाक आली की धावायचे. आठवड्यातून एकदा पहाटे चार वाजता कवायत असे. त्या वेळी रस्ते मोकळे असतात, आणि अंधारात हात चालवायची सवय होते. बाहेरून नुसते पाणी उडवू नका, आत शिरून आगीच्या मुळाशी मारा. धुरात जमिनीलगत सरपटा, कारण श्वास घेण्याजोगी हवा तिथेच उरते. जळत्या घरात कधीही एकट्याने जाऊ नका. अशा गोष्टी तो शिकवी आणि स्वतः करूनही दाखवी. एकदा पेटलेल्या दुकानात शिरून त्याने बंदुकीच्या दारूची दोन पिंपे एकामागून एक बाहेर काढली होती. १८३० मध्ये त्याने आपला अनुभव पुस्तकात उतरवला.

१८३३ पासून तो लंडनमध्ये, विमा कंपन्यांच्या एकत्रित दलाचा प्रमुख झाला. तिथे त्याने खलाशी निवडले, कारण रात्री-अपरात्री उठून कष्ट करायची त्यांना सवय. १८३४ मध्ये पार्लमेंटची इमारत पेटली. सगळे वाचणार नाही हे ओळखून त्याच्या माणसांनी जोर लावला तो पुरातन वेस्टमिन्स्टर हॉलसाठी. तो हॉल वाचला आणि आजही उभा आहे.

२२ जून १८६१ रोजी टूली स्ट्रीटवरच्या गोदामांना आग लागली. आत ताग, कापूस, चरबी, सोरा. गोदामांमध्ये लोखंडी दारे असावीत आणि ती बंद ठेवावीत, असा ब्रेडवुडचा आग्रह होता. दारे होती, पण उघडी राहिली होती. संध्याकाळी दमलेल्या जवानांची विचारपूस करत तो फिरत असताना भिंत कोसळली आणि तो तिच्याखाली गाडला गेला. त्याची अंत्ययात्रा दीड मैल लांब होती. पुढे १८६६ पासून लंडनला सरकारी कायद्याने उभे राहिलेले दल मिळाले.

आपल्या मुंबईलाही हा धडा फार महाग पडला. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकीन या जहाजावर कापसाच्या गाठी आणि स्फोटके एकत्र होती. आग लागल्यावर जहाज गोदीतच बुडवावे की बाहेर न्यावे, हे अधिकाराने ठरवणारा एक आवाज उठला नाही. दुपारी चारनंतर जहाज फुटले. अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिल हा अग्निशमन सेवा दिन पाळतात.

दरवर्षी त्या सुमारास आमच्या इमारतीत आगीचा सराव होतो. निम्मी मंडळी गॅलरीतून मजा बघतात. मला तेव्हा टूली स्ट्रीटची ती उघडी दारे आठवतात. जवान कितीही शिकलेला असो, त्याचा जीव अनेकदा न शिकलेल्यांच्या हाती असतो. जिन्यात रचलेली जुनी कपाटे, फाटकाशी आडवी लावलेली गाडी, भिंतीवरचे कुणालाच चालवता न येणारे लाल नळकांडे, ही आपली उघडी दारे. पुढच्या सरावाला मुलांना घेऊन खाली उतरा. नळकांड्याची पिन कशी काढतात ते त्यांना स्वतःच्या हाताने करू द्या. बंब वेळेवर सोमेश्वरी न जाता रामेश्वरी पोहोचेल, पण त्याला आत यायला वाट आपणच ठेवायची आहे.