गोळीचा वेग मोजणारे रॉबिन्स

बंदुकीच्या गोळीचा वेग डोळ्यांनी दिसत नाही. तो लंबकाने मोजून दाखविला बेंजामिन रॉबिन्स यांनी. इंग्लंडमधील बाथ येथे १७०७ साली गरीब घरात त्यांचा जन्म झाला. गणित ते बहुतांशी स्वतःच शिकले. टांगलेल्या जड लंबकावर गोळी झाडायची, तो किती मागे गेला ते मोजायचे व त्यावरून वेग काढायचा, ही त्यांची रीत. नळीच्या लांबीनुसार वेग बदलतो हे त्यांनी १७४२ च्या ग्रंथात मांडले. कोरड्या दारूने सेकंदाला १७०० फूट जाणारी गोळी दमट दारूने १२००-१३०० फूटच जाते, हेही दाखविले. पुढे ईस्ट इंडिया कंपनीचे किल्ले सुधारण्यास ते भारतात आले आणि १७५१ साली कडलूरजवळच्या फोर्ट सेंट डेव्हिड येथे तापाने वारले. वय अवघे ४४. प्रयोगवहीत अंदाजाने आकडे भरणाऱ्यांनी त्यांचे स्मरण ठेवावे.