कावसजी आणि त्याचा अनाम शल्यविशारद

शल्यशास्त्राच्या इतिहासात कावसजी या मराठा गाडीवानाचे नाव चिरस्थायी झाले आहे. इंग्रज सैन्यात तो बैल हाकीत असे. १७९२ च्या म्हैसूर युद्धात टिपूच्या सैन्याने त्याला कैद करून त्याचे नाक व एक हात कापला. पुढे तो कंपनी सरकारचा निवृत्तिवेतनधारक झाला. वर्षभराहून अधिक काळ नाकाविना काढल्यावर पुण्याजवळ विटा पाडणाऱ्या जातीतील एका कारागिराने कपाळाच्या कातडीचे नवे नाक त्याला बसविले.

धानाचे पऱ्हे उपटून रोवले तरी जगतात, हे आम्ही मूलवासी जाणतो. कातडीचा असा जाड तुकडा मात्र रक्तपुरवठा तुटताच मरू लागतो. म्हणून भुवयांमधील देठ न तोडता ती खाली वळविण्यात आली. देठातून रक्त मिळत राहिले. नव्या जागी रक्तवाहिन्या जुळल्यावर, सुमारे २५ दिवसांनी, देठ कापला गेला.

हा वृत्तान्त १७९४ साली लंडनच्या जेंटलमन्स मॅगझिनमध्ये छापला गेला. त्यातून प्रेरणा घेऊन जोसेफ कार्प्यू यांनी १८१४ मध्ये तेथे ही शस्त्रक्रिया केली. ती पुण्याकडे पाहणाऱ्या थॉमस क्रूसो व जेम्स फिंडले यांची नावे इतिहासात राहिली. करणाऱ्याचे राहिले नाही. विद्या असूनही लेखणीपासून दूर ठेवल्या गेलेल्या समाजाची ही हानी आहे. आपल्या मुलामुलींच्या बाबतीत ती पुन्हा घडू नये, यासाठीच आम्ही शिकवितो.