स्टालिन : पोवाड्यातला आणि छावणीतला

विद्यार्थी मित्रांनो, या पानावर आपण एरवी ज्यांचा आदर्श ठेवावा अशा थोरांची चरित्रे देतो. या वेळी ज्याची ओळख करून देत आहोत, त्याला थोर म्हणावे की नाही यावर तो जाऊन सत्तर वर्षे उलटली तरी जगाचे एकमत नाही. मग त्याच्यावर लिहायचे कशाला? कारण त्याचे नाव आपल्या मराठी घरापर्यंत येऊन पोहोचले आहे.

दरवर्षी १ ऑगस्टला आपण लोकशाहीर अण्णाभाऊ साठे यांची जयंती साजरी करतो. त्यांच्या रचनांमध्ये ‘स्टालिनग्राडचा पोवाडा’ आहे. वाटेगावात जन्मलेल्या आणि मुंबईच्या कामगार वस्तीत वाढलेल्या शाहिराने रशियातल्या एका शहरावर पोवाडा का रचला? आणि ज्याचे नाव त्या शहराला दिले होते तो माणूस कोण?

त्याचे खरे नाव योसेफ जुगाश्विली. जन्म १८७८ सालचा, जॉर्जियातल्या गोरी या लहान गावी. वडील चांभारकाम करीत, आई लोकांचे कपडे धुऊन, शिवून संसार चालवी. लहानपणी देवी आल्या, त्याचे व्रण चेहऱ्यावर कायमचे राहिले. मुलाने धर्मगुरू व्हावे ही आईची इच्छा. त्याप्रमाणे १८९४ मध्ये तो तिफ्लिसच्या धर्मविद्यालयात दाखल झाला, पण तिथे त्याला क्रांतिकारकांच्या पुस्तकांची गोडी लागली आणि १८९९ मध्ये शिक्षण सुटले. पुढे झारच्या पोलिसांनी त्याला अनेकदा पकडून हद्दपार केले. पोलादी माणूस या अर्थाचे स्टालिन हे नाव त्याने स्वतःच घेतले.

१९१७ मध्ये रशियात क्रांती झाली. १९२२ मध्ये स्टालिन पक्षाचा सरचिटणीस झाला. हे काम कारकुनी समजले जाई, पण कोणाला कोठे नेमायचे हे त्याच्या हाती आले. लेनिनने अखेरच्या आजारात त्याला पदावरून दूर करण्याची सूचना लिहून ठेवली होती. ती अमलात आली नाही. १९२४ मध्ये लेनिन गेला आणि काही वर्षांतच सारी सत्ता स्टालिनच्या हाती एकवटली.

१९२८ मध्ये पहिली पंचवार्षिक योजना सुरू झाली. पोलादाचे कारखाने, धरणे, ट्रॅक्टर यांनी शेतीप्रधान देशाचा चेहरा बदलला. त्याची किंमत शेतकऱ्याने मोजली. जमिनी सक्तीने सामुदायिक करण्यात आल्या, सरकारने धान्य उचलून नेले आणि परदेशांत विकले. १९३२-३३ च्या दुष्काळात युक्रेन, कझाकस्तान आणि रशियाच्या काही भागांत मिळून पन्नास लाखांहून अधिक माणसे मेली. खानदेशातून सुरतेला आलेल्या आपल्या घरांना दुष्काळ ठाऊक आहे. पण पाऊस रुसला म्हणून पडलेला दुष्काळ वेगळा आणि कोठारातले धान्य नेल्यामुळे पडलेला वेगळा. इथे तर भुकेल्या माणसाला गाव सोडून जायलाही बंदी होती.

पुढे १९३७-३८ मध्ये संशयाचे सत्र चालले. सरकारी कागदपत्रांनुसार या दोन वर्षांत सुमारे ६ लाख ८० हजार माणसांना गोळ्या घातल्या गेल्या. त्यांत क्रांतीतले जुने सोबती होते, सेनापती होते. भारताच्या स्वातंत्र्यासाठी परदेशात झटणारे, सरोजिनी नायडू यांचे बंधू वीरेंद्रनाथ चट्टोपाध्याय यांचाही अंत याच सत्रात झाला.

ऑगस्ट १९३९ मध्ये स्टालिनने हिटलरशी करार केला आणि दोघांनी पोलंड वाटून घेतला. तिथल्या लाखो माणसांना, लेकुरवाळ्या बायांसह, सैबेरिया आणि कझाकस्तानात नेऊन टाकले. पण २२ जून १९४१ रोजी हिटलरने त्याच्यावरच चाल केली. युद्धात सोव्हिएत देशाची सुमारे २ कोटी ७० लाख माणसे गेली. स्टालिनचा थोरला मुलगा याकोव जर्मनांच्या कैदेत मेला. ऑगस्ट १९४२ पासून स्टालिनग्राडमध्ये घराघरासाठी लढाई झाली आणि २ फेब्रुवारी १९४३ रोजी तिथले उरलेसुरले जर्मन सैन्य शरण आले. हिटलरला हरवता येते हे जगाला दिसले. अण्णाभाऊंनी पोवाडा रचला तो या झुंजीवर. त्या वेळी ते जेमतेम विशी ओलांडलेले तरुण होते.

आता त्याच १९४३ सालातली दुसरी गोष्ट पाहा. कोल्हापूरजवळ वळिवडे येथे एक वसाहत उभी राहिली. स्टालिनने ज्यांना देशोधडीला लावले होते, त्या पोलिश लोकांपैकी सुटून इराणमार्गे आलेली सुमारे पाच हजार माणसे, बहुतेक बायका आणि मुले, तिथे १९४८ पर्यंत राहिली. आपल्या गुजरातेत तर त्याआधीच, १९४२ मध्ये, नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी बालाचडी येथे शेकडो पोलिश मुलांना आसरा दिला होता. म्हणजे महाराष्ट्रात एकीकडे स्टालिनग्राडच्या विजयाचा पोवाडा गायला जात होता आणि दुसरीकडे स्टालिनमुळे बेघर झालेली मुले शाळेत जात होती. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

५ मार्च १९५३ रोजी स्टालिन मरण पावला. १९५६ मध्ये त्याचाच वारसदार ख्रुश्चेव्ह याने पक्षापुढे त्याच्या अत्याचारांचा पाढा वाचला. १९६१ मध्ये त्याचे शव लेनिनच्या समाधीतून हलवले गेले आणि स्टालिनग्राडचे व्होल्गोग्राड झाले. अण्णाभाऊंनी रशियाचा प्रवास केला तो याच वर्षी. वाद मात्र मिटला नाही. गोरी गावातला त्याचा मोठा पुतळा २०१० मध्ये काढला, तर व्होल्गोग्राडमध्ये २०२३ मध्ये नवा अर्धपुतळा बसवला गेला.

सुरत हे व्यापाऱ्यांचे शहर. इथे कोणीही सहज म्हणेल की जमा आणि खर्च मांडा, शिल्लक काय ती पाहा. विजय आणि कारखाने जमेला, दुष्काळ आणि तुरुंग खर्चाला. आम्हाला हा हिशेब पटत नाही. जमाखर्च एकाच खात्याचा असावा लागतो. युक्रेनमध्ये उपाशी मेलेल्या मुलाच्या खात्यात स्टालिनग्राडचा विजय कधी जमा झाला नाही. तो विजयही एकट्या स्टालिनचा नव्हता. तो त्या शहरात लढलेल्या शिपायांचा आणि कारखान्यांत राबलेल्या स्त्री-पुरुषांचा होता. त्यांना मुजरा करताना राज्यकर्त्याचे गुन्हे झाकण्याची गरज नाही, आणि गुन्हे सांगताना त्यांचे शौर्य नाकारण्याचीही नाही.

पालकांना आणि विश्वस्तांना एक विनंती. घरात, सभेत मुले एखाद्या मोठ्या नावाबद्दल अवघड प्रश्न विचारतात, तेव्हा त्यांना गप्प करू नये. आणि विद्यार्थी मित्रांनो, येत्या जयंतीला पोवाडा जरूर ऐका. त्या दिवशी वळिवडे आणि बालाचडी ही दोन नावे नकाशावर शोधून काढा, आणि तिथे कोण राहत होते ते घरी सांगा.