कर्करोगाचे रुग्णालय अणुऊर्जा खात्याकडे कसे? होमी भाभांच्या चरित्रातले कमी वाचले जाणारे पान

चिंचवड स्थानकावर पहाटे सिंहगड एक्स्प्रेसची वाट पाहणाऱ्यांमध्ये हातात एक्स-रेची मोठी पाकिटे आणि जाड फाइल घेतलेली माणसेही असतात. दादरला उतरून त्यांना परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात जायचे असते. भोसरीत लेथवर काम करणारा असो की चाकणच्या कारखान्यातला कंत्राटी कामगार, डॉक्टरांनी रेडिएशन सांगितले की घरात पहिला हिशेब दिवसांचा होतो. रेडिएशन, म्हणजे किरणोपचार, एकदा घेऊन संपत नाहीत. अनेक कर्करोगांत आठवड्यातले पाच दिवस, असे पाच ते सात आठवडे जावे लागते. यंत्राखाली झोपायचे काही मिनिटे, पण त्यासाठी मोडतो पूर्ण दिवस.

परळच्या या रुग्णालयाच्या कागदांवर केंद्र सरकारच्या अणुऊर्जा विभागाचे नाव असते. पहिल्यांदा गेलेला माणूस चक्रावतो. रुग्णालय आरोग्य खात्याकडे असायला हवे, ते अणुभट्ट्या चालवणाऱ्या खात्याकडे का? याचे उत्तर डॉ. होमी भाभा यांच्या आयुष्यात आहे. अणुशक्तीचे जनक ही त्यांची ओळख शाळेच्या पुस्तकात येते, हा भाग सहसा येत नाही.

घरातला आजार

होमी जहांगीर भाभा यांचा जन्म ३० ऑक्टोबर १९०९ रोजी मुंबईत, सुखवस्तू पारशी कुटुंबात झाला. वडील वकील. वडिलांची बहीण मेहेरबाई ही जमशेटजी टाटांचे थोरले पुत्र सर दोराबजी टाटा यांची पत्नी, म्हणजे होमीची सख्खी आत्या. आत्याच्या घरी त्याचे लहानपणापासून येणे-जाणे होते. तिथे पोलाद, वीज, कारखाने हेच विषय चालत. मुलाने इंजिनीअर व्हावे आणि जमशेदपूरला टाटांच्या पोलाद कारखान्यात रुजू व्हावे, अशी घरच्यांची इच्छा होती. १९२७ मध्ये होमी केंब्रिजला गेला तो यांत्रिकी अभियांत्रिकी शिकायला.

तिथे त्याचे मन भौतिकशास्त्रात गुंतले. वडिलांशी तडजोड अशी ठरली की आधी अभियांत्रिकीची परीक्षा पहिल्या वर्गात काढायची, मग हवे ते शिकायचे. १९३० मध्ये त्याने ती अट पुरी केली. पुढच्याच वर्षी, जून १९३१ मध्ये, मेहेरबाईंचे ब्रिटनमधील वेल्समध्ये रक्ताच्या कर्करोगाने निधन झाले. वय अवघे ५१. दोराबजी त्यातून सावरले नाहीत. १९३२ मध्ये त्यांनी आपली जवळजवळ सगळी संपत्ती विश्वस्त निधीत घातली, पत्नीच्या नावाने रक्ताच्या कर्करोगावरील संशोधनासाठी वेगळा निधी उभा केला आणि त्याच वर्षी त्यांचाही मृत्यू झाला.

मेहेरबाईंच्या ज्युबिली हिऱ्याची गोष्ट अनेकांनी ऐकली असेल. १९२४ मध्ये पोलाद कारखान्यात कामगारांना पगार द्यायला पैसे नव्हते, तेव्हा टाटा दांपत्याने तो हिरा आणि खासगी संपत्ती बँकेकडे तारण ठेवून कर्ज काढले होते. पुढे कर्ज फिटले, हिरा सुटला. दोघांच्या पश्चात तो विकला गेला आणि पैसे दोराबजींच्या विश्वस्त निधीत आले. परळचे रुग्णालय याच निधीने बांधले. २८ फेब्रुवारी १९४१ रोजी ते सुरू झाले तेव्हा ८० खाटा होत्या. डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी तिथे विकृतिशास्त्राची प्रयोगशाळा उभी केली. गाठ कर्करोगाची आहे की नाही, हे सूक्ष्मदर्शकाखाली ठरवण्याची शिस्त आपल्याकडे रुजवणाऱ्यांत त्यांचे नाव पहिले.

रेडियम महाग, कोबाल्ट आवाक्यात

त्या काळी किरणोपचार म्हणजे एक्स-रे यंत्र किंवा रेडियम. रेडियम खनिजातून कणाकणाने काढावे लागे आणि त्याची किंमत सोन्याच्या कितीतरी पट होती. एक्स-रेची तेव्हाची यंत्रे शरीरात खोलवर पोचत नसत आणि कातडी भाजून निघे.

दुसऱ्या महायुद्धानंतर चित्र बदलले. साधा कोबाल्ट धातू अणुभट्टीत ठेवला की न्यूट्रॉनच्या माऱ्याने त्याचे कोबाल्ट-६० होते. त्यातून निघणारे गॅमा किरण कातडीखाली खोल जातात. १९५१ मध्ये कॅनडात या किरणांनी रुग्णांवर उपचार सुरू झाले. यंत्राची कल्पना सोपी आहे. शिसे किंवा तत्सम जड धातूच्या जाड डोक्यात कोबाल्टची लहानशी डबी ठेवायची. झडप उघडली की किरण बाहेर येतात, बंद केली की थांबतात. किरण कर्करोगाच्या पेशींतील डीएनए तोडतात. निरोगी पेशींनाही इजा होते, पण त्या स्वतःला अधिक चांगल्या प्रकारे दुरुस्त करतात. त्यांना तेवढी सवड मिळावी म्हणून मात्रा रोज थोडी थोडी देतात. म्हणूनच महिना-दीड महिना लागतो, आणि मध्येच खाडे झाले तर गाठीलाही सावरायला वेळ मिळतो.

म्हणजे अणुभट्टी असलेल्या देशाकडे कर्करोगाचे औषध तयार करण्याची सोयही असते. भाभांच्या कामाला हे येऊन मिळते.

एकाच वर्षी पिंपरी आणि ट्रॉम्बे

१९३९ मध्ये भाभा सुट्टीवर भारतात आले आणि युद्ध पेटल्याने इथेच अडकले. विश्वकिरणांवरील संशोधनामुळे युरोपात त्यांचे नाव झालेले होते. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत सी. व्ही. रामन यांच्याकडे त्यांनी काम केले. १९४४ मध्ये त्यांनी दोराबजींच्याच विश्वस्त निधीकडे मूलभूत संशोधनाच्या संस्थेसाठी पैसे मागितले आणि १९४५ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्था सुरू झाली. आत्याच्या घरचा निधी एकीकडे कर्करोग रुग्णालयाला आणि दुसरीकडे भाच्याच्या अणुसंशोधनाला पोसत होता. हे दोन प्रवाह पुढे एकत्र यायचे होते.

१९४८ मध्ये अणुऊर्जा आयोग स्थापन झाला, अध्यक्ष भाभा. १९५४ मध्ये ट्रॉम्बेची संस्था आणि केंद्राचा अणुऊर्जा विभाग उभा राहिला. पिंपरी-चिंचवडकरांना ही साल दुसऱ्या कारणाने ठाऊक आहे. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीने पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स, आपली एचए कंपनी, स्थापन झाली. परदेशातून येणारे पेनिसिलीन गरिबाला परवडत नाही, ते इथेच बनवले पाहिजे, हा विचार त्यामागे होता. ट्रॉम्बेत किरणोत्सारी पदार्थांबाबत तोच विचार चालू होता. एचएचे पुढे काय झाले, हे या शहराला सांगायला नको. ट्रॉम्बेला मात्र निधी कधी कमी पडला नाही.

४ ऑगस्ट १९५६ रोजी अप्सरा ही अणुभट्टी सुरू झाली. १९६० मध्ये कॅनडाच्या मदतीने बांधलेली सायरस आली. वैद्यकीय उपयोगाचे किरणोत्सारी पदार्थ देशात तयार होऊ लागले. याच सायरसमधले प्लुटोनियम १९७४ च्या पोखरण चाचणीत वापरले गेले, हेही इथेच नोंदवायला हवे. एकाच भट्टीतून दोन्ही निघाले आणि भाभांना दोन्ही शक्यता माहीत होत्या.

भाभांनी माणसे घडवण्यावरही भर दिला. १९५७ मध्ये ट्रॉम्बेत प्रशिक्षण शाळा सुरू झाली. १९६२ पासून रुग्णालयांत किरणांची मात्रा मोजणाऱ्या भौतिकशास्त्रज्ञांसाठी वेगळा अभ्यासक्रम सुरू झाला. रुग्णाला हे लोक क्वचितच दिसतात, पण यंत्र किती अंशातून, किती सेकंद चालवायचे याचे गणित त्यांचे असते. यंत्र आहे पण भौतिकशास्त्रज्ञ नाही, अशी अवस्था आजही गरीब देशांतील अनेक रुग्णालयांत आहे.

१९६२ चा निर्णय

१९५७ मध्ये टाटा रुग्णालय केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने ताब्यात घेतले होते. निदानापासून उपचारांपर्यंत कर्करोगात किरणांचा वापर वाढत जाणार, हे भाभांनी ओळखले. १९६२ मध्ये रुग्णालयाचा प्रशासकीय ताबा अणुऊर्जा विभागाकडे आला. यात जे. आर. डी. टाटांचाही वाटा होता. कागदोपत्री हा एका खात्यातून दुसऱ्या खात्यात झालेला बदल होता. प्रत्यक्षात परळचे डॉक्टर आणि ट्रॉम्बेचे अभियंते एका छताखाली आले, आणि आरोग्य खात्याच्या तुटपुंज्या तरतुदीऐवजी रुग्णालयाला अणुऊर्जेच्या भरभक्कम तरतुदीत जागा मिळाली. गरीब रुग्णांच्या मोठ्या वर्गावर तिथे आजही मोफत किंवा अत्यल्प दरात उपचार होतात, त्याची मुळे या निर्णयात आहेत.

भाभांचे सगळेच अंदाज बरोबर आले असे नाही. १९५५ मध्ये जिनिव्हातील अणुऊर्जेच्या जागतिक परिषदेचे अध्यक्ष म्हणून त्यांनी वीस वर्षांत अणुसंमीलनातून वीज मिळेल असा होरा मांडला होता. सत्तर वर्षे होऊन गेली, ती वीज आलेली नाही. आणखी एक दोष आज जास्त जाणवतो. त्यांनी उभारलेले जवळपास सगळे मुंबईत एकवटले. कुलाबा, ट्रॉम्बे, परळ. देशभरातल्या कर्करोग रुग्णाची वाट मग परळकडेच वळली. दादरच्या संत गाडगे महाराज धर्मशाळेसारखी ठिकाणे नसती तर त्यातल्या अनेकांनी रात्री कुठे काढल्या असत्या कोण जाणे.

२४ जानेवारी १९६६ रोजी व्हिएन्नातील बैठकीसाठी निघालेले भाभा एअर इंडियाच्या ‘कांचनजंगा’ विमानाच्या अपघातात गेले. आल्प्समधील माँ ब्लाँ शिखराजवळ विमान कोसळले, ११७ जणांपैकी कोणीही वाचले नाही. भाभा ५६ वर्षांचे होते. त्याच वर्षी परळचे रुग्णालय आणि कर्करोग संशोधन संस्था एकत्र होऊन टाटा मेमोरियल सेंटर झाले. पुढच्या वर्षी ट्रॉम्बेच्या संस्थेला भाभांचे नाव मिळाले.

भाभाट्रॉन म्हणजे काय?

भाभांच्या मृत्यूनंतर चारेक दशकांनी भाभा अणुसंशोधन केंद्राने टाटा मेमोरियलच्या खारघरच्या केंद्राबरोबर कोबाल्ट-६० चे देशी यंत्र तयार केले आणि त्याला भाभाट्रॉन नाव दिले. परदेशी यंत्रापेक्षा स्वस्त, सुटे भाग इथेच मिळणारे. वीज गेली तर बॅटरीवर चालावे आणि काही बिघाड झाला तर किरणस्रोत आपोआप सुरक्षित कप्प्यात परत जावा, अशी त्याची रचना आहे. तालुक्याच्या गावातली वीज कशी असते हे माहीत असलेल्यांनीच ते बनवले, हे उघड आहे. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेमार्फत भारताने एक यंत्र व्हिएतनामला दिले. तिथे ते कान थो शहरात बसले.

कोबाल्टची एक अडचण मात्र कोणालाच टाळता येत नाही. त्याची शक्ती दर सव्वापाच वर्षांनी निम्मी होते. नव्या स्रोताखाली ज्या रुग्णाला दोन मिनिटे लागतात, त्याला पाच वर्षांनी चार मिनिटे लागतात. दिवसाला होणारे रुग्ण कमी होतात, बाहेरची रांग वाढते. वेळेत नवा स्रोत बसवायला पैसे नसले तर यंत्र चालू असूनही निम्मे बंदच. भारतात हा कोबाल्ट राजस्थानात रावतभाटा इथे तयार होतो, ही आपली जमेची बाजू. तिथले अणुवीज केंद्रही भाभांच्याच काळातील, कॅनडाशी १९६३ मध्ये झालेल्या करारातून आलेले.

मोठ्या शहरांत आता लिनॅक, म्हणजे विजेवर किरण निर्माण करणारी यंत्रे आहेत. त्यात किरणोत्सारी पदार्थ नसतो, नेम अधिक अचूक असतो आणि मेंदू किंवा मणक्याजवळच्या गाठीला तीच योग्य. पण त्यांना स्थिर वीज, वातानुकूलन आणि महागडा देखभाल करार लागतो. कोबाल्ट जुने झाले म्हणून मोडीत काढणाऱ्यांनी, त्या जागी लिनॅक खरोखर आला का, हेही पाहावे. दर दहा लाख लोकांमागे एक किरणोपचार यंत्र असावे असा ढोबळ निकष आहे. देशात प्रत्यक्षात त्याच्या निम्म्याच्या आसपास यंत्रे आहेत, आणि तीही मोठ्या शहरांत दाटलेली.

परळची रांग कमी होते आहे का?

हळूहळू. महाराष्ट्रात बार्शीने फार आधी वाट दाखवली. तिथे ग्रामीण भागातले कर्करोग रुग्णालय उभे राहिले आणि १९८७ मध्ये देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी टाटा मेमोरियलच्या साह्याने सुरू झाली. संगरूर, वाराणसी, विशाखापट्टणम इथे अणुऊर्जा विभागाची कर्करोग रुग्णालये आहेत आणि तिन्हींच्या नावात होमी भाभा आहेत. २०१२ पासूनच्या राष्ट्रीय कर्करोग ग्रिडमध्ये ३०० हून अधिक केंद्रे एकसारखी उपचारपद्धती पाळण्यासाठी जोडली गेली आहेत. त्यामुळे तपासणी आणि उपचारांचा आराखडा परळला झाला, तरी किरणोपचार घराजवळच्या केंद्रात घेता येतील का, हे डॉक्टरांना पहिल्याच भेटीत विचारावे. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत किरणोपचारांचा समावेश आहे. ते केंद्र योजनेत आहे का, एवढे आधी पाहून घ्यावे.

बुडणाऱ्या मजुरीसाठी कारखान्यातील कामगाराला ईएसआयचा आधार आहे. कर्करोगासारख्या दीर्घ आजारात वाढीव आजारपण लाभ म्हणून पगाराच्या ८० टक्के रक्कम, कमाल दोन वर्षांपर्यंत मिळू शकते. त्यासाठी किमान दोन वर्षांची विमाधारक नोकरी आणि ठरावीक दिवसांचे हप्ते भरलेले असावे लागतात. दर वर्षी ठेकेदार बदलणाऱ्या कंत्राटी कामगाराचा विमा क्रमांक नव्या ठेकेदाराने पुढे चालू ठेवला नसेल, तर नेमक्या याच अटीवर अर्ज अडतो.