जेरी थॉमस

जेरी थॉमस (१८३० – १५ डिसेंबर, १८८५) हे अमेरिकेतील विख्यात बारटेंडर व लेखक होते. १८६२ साली प्रसिद्ध झालेले त्यांचे पुस्तक हे मिश्र मद्यपेयांच्या कृतींचे अमेरिकेत छापले गेलेले पहिले पुस्तक मानले जाते. तोवर ही विद्या उस्तादाकडून शागिर्दाकडे तोंडी चालत आलेली होती. अमेरिकन बारटेंडिंगचे जनक म्हणून थॉमस यांचा उल्लेख केला जातो.

पूर्वायुष्य

न्यूयॉर्क राज्यातील सॅकेट्स हार्बर या गावी त्यांचा जन्म झाला. तरुणपणी कनेक्टिकटमधील न्यू हेवन येथे ते मद्यालयाचे काम शिकले. कॅलिफोर्नियात सोने सापडल्याची वार्ता पसरल्यावर १८४९ मध्ये ते जहाजावर खलाशी म्हणून सॅन फ्रान्सिस्कोला पोहोचले. तेथे त्यांनी सोने शोधले, गाण्याबजावण्याच्या खेळांची व्यवस्था पाहिली आणि 'एल डोराडो' या जुगारगृहात पेये बनवली.

मराठीत आज 'सलून' म्हणताच केशकर्तनालय डोळ्यांसमोर येते. अमेरिकेच्या पश्चिम सीमेवर मात्र सलून म्हणजे मद्यालय. खाणीतून वर आलेला मजूर तेथे आपली कमाई उधळीत असे. महागडी मिश्र पेये खपली ती अशा अचानक श्रीमंत झालेल्या शहरांत. चित्रपटांतील काउबॉयचा काळ याच्या नंतरचा आहे. यादवी युद्धानंतर टेक्सासमधून गुरांचे कळप हाकीत कॅन्ससमधील अ‍ॅबिलीन, डॉज सिटी यांसारख्या गावी येणारे गुराखी मुख्यतः निव्वळ व्हिस्की किंवा बिअर पीत. त्यांच्या नावावर आज विकली जाणारी अनेक कॉकटेले पुष्कळ अलीकडची आहेत.

कारकीर्द

१८५१ च्या सुमारास थॉमस न्यूयॉर्कला परतले व बार्नम यांच्या प्रसिद्ध संग्रहालयाखाली त्यांनी मद्यालय उघडले. पुढे सेंट लुईस, शिकागो, चार्ल्सटन, न्यू ऑर्लिन्स अशा अनेक शहरांत त्यांनी काम केले. भरीव चांदीची उपकरणे घेऊन त्यांनी युरोपचाही दौरा केला. सॅन फ्रान्सिस्कोच्या ऑक्सिडेंटल हॉटेलात त्यांना आठवड्याला १०० डॉलर मिळत व ते वेतन अमेरिकेच्या उपराष्ट्राध्यक्षांपेक्षा अधिक होते, असे वारंवार लिहिले जाते. उपराष्ट्राध्यक्षांचे वार्षिक वेतन त्या काळी ८,००० डॉलर होते. त्यामुळे हा हिशेब जुळत नाही. तरीही एका बारटेंडरसाठी ती रक्कम असामान्यच होती.

'ब्लू ब्लेझर' हे त्यांचे सर्वांत गाजलेले पेय. व्हिस्की व उकळते पाणी एकत्र करून ते पेटवायचे आणि ती जळती धार एका पेल्यातून दुसऱ्या पेल्यात अनेकदा ओतायची, अशी त्याची कृती आहे. नवख्याने आधी थंड पाण्यावर सराव करावा, अशी व्यवहारी सूचना पुस्तकात आहे. अंडी, साखर, मसाला व रम यांचे 'टॉम अँड जेरी' हे गरम पेयही आपणच शोधले, असे थॉमस सांगत. तथापि त्या पेयाचे उल्लेख त्यांच्या जन्मापूर्वीचेही आढळतात.

पुस्तक

'हाऊ टू मिक्स ड्रिंक्स' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या ग्रंथात दोनशेहून अधिक कृती आहेत. त्यांपैकी 'कॉकटेल' या शीर्षकाखालच्या थोड्याच. कारण त्या काळी कॉकटेल म्हणजे मद्य, साखर, पाणी व कडू अर्क यांचे एक विशिष्ट मिश्रण. कोणत्याही मिश्र पेयाला ते नाव नव्हते. पुस्तकात मोठा भाग 'पंच' या प्रकाराचा आहे. हे नाव 'पाच' या अर्थाच्या भारतीय शब्दावरून आले असावे, असे सामान्यतः मानले जाते: मद्य, साखर, लिंबू, पाणी व मसाला हे ते पाच घटक. सतराव्या शतकात भारताच्या किनाऱ्यावर आलेल्या इंग्रज खलाशांनी ते मायदेशी नेले. बर्फाचा प्रवास मात्र उलट दिशेने झाला. अमेरिकेच्या ईशान्येकडील गोठलेल्या तळ्यांतून कापलेला जो बर्फ तेथील पेयांना लागे, तोच १८३० च्या दशकात जहाजांनी मुंबईलाही येऊ लागला होता.

थॉमस यांच्या पुस्तकामुळे मापे व घटक कागदावर आले आणि दूरच्या गावातील बारटेंडरलाही तेच पेय बनवणे शक्य झाले. १८७६ च्या आवृत्तीत 'टॉम कॉलिन्स' या पेयाची भर पडली.

अखेरचा काळ

यादवी युद्धानंतर ब्रॉडवेवरील त्यांचे मद्यालय भरभराटीस आले. त्याच्या भिंतींवर थॉमस नॅस्ट यांची व्यंगचित्रे टांगलेली असत. भोपळे जमवण्याचा त्यांना छंद होता. मात्र शेअर बाजारातील सट्ट्यात त्यांचे पैसे बुडाले, मद्यालय विकावे लागले आणि चित्रांचा लिलाव झाला. वयाच्या ५५ व्या वर्षी न्यूयॉर्कमध्ये मस्तिष्काघाताने त्यांचे निधन झाले. ब्राँक्समधील वुडलॉन दफनभूमीत त्यांना पुरण्यात आले.

पुस्तकाची आणखी एक आवृत्ती १८८७ मध्ये निघाली. १९२० मध्ये देशभर दारूबंदी आल्यावर ही मद्यालये कायद्याने बंद झाली व अनेक बारटेंडर परदेशी गेले. बंदी चालू असतानाच, १९२८ साली, हर्बर्ट अ‍ॅसबरी यांनी प्रस्तावनेसह हे पुस्तक पुन्हा छापले. थॉमस यांच्याविषयीच्या अनेक रंजक आख्यायिका त्या प्रस्तावनेतूनच रूढ झाल्या आहेत, म्हणून त्या जपूनच स्वीकाराव्या लागतात.