र. धों. कर्वे: नोकरी सोडली, दंड भरला, पण मासिक बंद केलं नाही

महर्षी कर्वे सगळ्यांना माहीत असतात. त्यांच्या थोरल्या मुलाचं नाव मात्र आजही जरा दबक्या आवाजात घेतलं जातं. रघुनाथ धोंडो कर्वे. जन्म १८८२, पेशाने गणिताचे प्राध्यापक.

१९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमन केंद्र सुरू केलं. मेरी स्टोप्स यांनी लंडनमध्ये आपलं केंद्र काढलं ते याच वर्षी. म्हणजे आपण जगाच्या मागे वगैरे नव्हतो. एका बाईने किती बाळंतपणं सोसायची हे तिच्या हातात असावं, एवढंच कर्व्यांचं म्हणणं होतं.

तेव्हा ते विल्सन कॉलेजमध्ये शिकवायचे. मिशनरी कॉलेजला हे चालणार नव्हतं. प्रचार थांबवा नाहीतर नोकरी सोडा, असा पेच आला. कर्व्यांनी नोकरी सोडली.

लोकांना सांगायचं एक आणि घरात वागायचं दुसरं, असंही नव्हतं. मूल होऊ द्यायचं नाही हे त्यांनी आणि पत्नी मालतीबाईंनी मिळून ठरवलं होतं आणि ते शेवटपर्यंत पाळलं. त्या काळात मूल नसलेल्या बाईला काय काय ऐकावं लागत असेल, याचा विचार केला तर यात मालतीबाईंचा वाटा मोठा वाटतो.

जुलै १९२७ मध्ये 'समाजस्वास्थ्य' मासिक निघालं. लैंगिक आरोग्यावर वाचक प्रश्न विचारायचे आणि कर्वे सरळ, शास्त्रीय उत्तरं द्यायचे. अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यात त्यांचे वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. लैंगिक विषयावर लिहिलं म्हणजे लगेच ते अश्लील ठरत नाही आणि लोकांनी शंका विचारल्या तर उत्तर द्यायलाच हवं, अशी त्यांची बाजू होती. खटला हरले. २०० रुपये दंड झाला. पगार नसलेल्या माणसासाठी ही रक्कम साधी नव्हती. (इथे आपण चार वाईट कमेंट आल्या की पोस्ट डिलीट करतो.)

कर्व्यांनी दंड भरला आणि पुढच्या अंकाच्या कामाला लागले. लेख लिहिण्यापासून अंक वाचकापर्यंत पोचवण्यापर्यंत बहुतेक भार त्यांच्या एकट्यावरच होता. असं २६ वर्षं चाललं. १४ ऑक्टोबर १९५३ ला ते गेले. 'समाजस्वास्थ्य'चा शेवटचा अंक त्यानंतर नोव्हेंबरमध्ये निघाला.