लुसी विल्स: मुंबईच्या गरोदर बायकांचं रक्त का आटतंय, हे शोधणारी डॉक्टर

1928 साली लुसी विल्स मुंबईत आल्या, तेव्हा इथल्या गिरणी कामगार बायकांना गरोदरपणात एक जीवघेणा अ‍ॅनिमिया होत होता. रक्तातल्या लाल पेशी कमी व्हायच्या आणि उरलेल्या नको तितक्या मोठ्या दिसायच्या. लोह देऊन उपयोग होत नव्हता.

विल्स यांचा जन्म 1888 चा, इंग्लंडमधला. केंब्रिजला त्या वनस्पतिशास्त्र आणि भूगर्भशास्त्र शिकल्या, पण बायकांना तेव्हा तिथे पदवीच मिळत नसे. पहिल्या महायुद्धात दक्षिण आफ्रिकेत रुग्णांची शुश्रूषा केल्यावर त्या वैद्यकशास्त्राकडे वळल्या आणि 1920 मध्ये डॉक्टर झाल्या.

परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये त्यांनी आधी जंतूंचा संशय तपासला. मग त्या थेट बायकांच्या ताटाकडे वळल्या. गरीब बायकांच्या जेवणात भाजी, फळं, दूध फारच कमी होतं. तसाच आहार त्यांनी उंदरांना दिला. इथे गंमत अशी की उंदरांचा अ‍ॅनिमिया उवांमधून पसरणाऱ्या जंतूमुळे होता, हे नंतर उघड झालं! माकडांवरच्या प्रयोगांनी मात्र वाट दाखवली. यीस्टपासून बनणारं स्वस्त, खारट 'मार्माइट' दिलं की रक्त सुधारत होतं. रुग्ण बायकांनाही त्याने गुण आला. 1931 मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केलं.

मार्माइटमधला तो घटक अनेक वर्षं 'विल्स फॅक्टर' म्हणून ओळखला गेला. 1941 मध्ये पालकाच्या पानांतून तो वेगळा काढला गेला, तेच फॉलिक अ‍ॅसिड. आज गरोदर बाईला पहिल्या तीन महिन्यांत हमखास दिली जाणारी गोळी ती हीच. विल्स 1964 मध्ये वारल्या. त्यांनी लग्न केलं नाही आणि डॉक्टर असूनही कामावर त्या सायकलने जात.

त्यांच्या रुग्णांच्या ताटातच फोलेट नव्हतं. सिलिअ‍ॅक आजारात ते ताटात असूनही अंगी लागत नाही. गहू, जव यांतल्या ग्लूटेनमुळे लहान आतड्याचं अस्तर खराब होतं आणि फोलेट, लोह शोषलं जातं ते तिथेच. निदान न झालेल्या सिलिअ‍ॅकचा संबंध वंध्यत्व आणि वारंवार होणाऱ्या गर्भपाताशीही आढळला आहे. म्हणून गोळ्या घेऊनही रक्त वाढत नसेल, तर डॉक्टर सिलिअ‍ॅकची रक्तचाचणी सुचवू शकतात. मात्र चाचणीआधी गहू बंद करू नये, निकाल चुकू शकतो.